जुन्या बाजारातली कीर्तनं: कॅसेट शोधायच्या कशा आणि मुख्य म्हणजे वाजवायच्या कशा

जुन्या कॅसेट जमवायच्या या छंदाबद्दल जो तो एकच विचारतो, "कॅसेट मिळतात कुठे?" पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास. आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे, कारण आजोबांचं कपाट रिकामं झालं की पोतं आधी तिथेच जातं. लवकर जा, सुटे पैसे न्या. झालं. मिळवणं सोपं आहे. आपण घसरतो ते घरी आल्यावर.

काय उचलायचं

छापील कव्हरच्या आरत्या, स्तोत्रं, नामवंतांची व्याख्यानं तिथेच राहू द्या. त्यांच्या हजारो प्रती निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक आज फुकट ऐकायला मिळतात. आपल्याला हवी ती जगात एकच प्रत असलेली गोष्ट: गावच्या हरिनाम सप्ताहात कोणीतरी लाउडस्पीकरखाली टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) ठेवून टेप केलेलं कीर्तन, "आता तुमचे पाय जड होत आहेत" म्हणणारा संमोहनवाला, गिऱ्हाइकाला त्याची पत्रिका तासभर समजावून ती टेप करून देणारा ज्योतिषी, परकायाप्रवेशावर पोटतिडकीने बोलणारे निवृत्त मास्तर.

ओळखायची खूण कॅसेटच्या पाठीवर असते. वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. कंपनीची भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिथले प्लास्टिकचे दात मुळातच नसतात. घरी टेप करायच्या कोऱ्या कॅसेटला ते शाबूत असतात. पण खाच आहे आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे, अशी कॅसेट दिसली की भाव न करता घ्या. खाच बुजवली की टेप पुन्हा भरता येते, म्हणजे कोणीतरी सिनेमाची गाणी मुद्दाम पुसून त्यावर काहीतरी भरलंय. ते 'काहीतरी' त्याला त्या दिवशी गाण्यांपेक्षा महत्त्वाचं वाटलं होतं. माझ्याकडची निम्मी रत्नं अशी चिकटपट्टीवाली आहेत.

लेबल वाचा, पण त्यावर विसंबू नका. "प.पू. महाराज, गोकुळाष्टमी ८७" असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये मला बारशाचे पाळणे मिळालेत. भाव करताना एका कॅसेटकडे बोट दाखवू नका. ढीग उचला आणि ढिगाचा भाव विचारा.

घरी आल्यावर लगेच वाजवू नका

आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे तिरप्या उजेडात बघा. पांढरी-करडी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणातल्या घरातून आलेल्या कॅसेटवर हमखास असते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घातलीत तर हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर घाण होतील आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागेल. तिला सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आठवडाभर कोरडी करा. साफ करताना तोंडाला मास्क लावा आणि त्या कामाला एक भंगार प्लेअर वेगळा ठेवा.

मग जिथे टेप उघडी दिसते त्या कडेच्या मधल्या खाचेतली पट्टी बघा. तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा बारीक तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तुकडा गळतो आणि आवाज येत-जात राहतो. लोक म्हणतात कॅसेट गेली. कॅसेट गेलेली नसते, दहा रुपयांच्या दुसऱ्या कॅसेटमधली पट्टी काढून बसवा. त्यासाठी पाच स्क्रूंच्या कवचाच्या दोन-चार नकोशा कॅसेट कायम जवळ असू द्या. उघडण्याआधी फोनवर फोटो काढा, नाहीतर आतले रोलर कुठे होते ते आठवणार नाही.

टेप ढिली असेल तर षट्कोनी पेन्सिल चाकात घालून फिरवा. एवढंच.

आणि कृपा करून कॅसेट ओव्हनमध्ये घालू नका. तो उपाय सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या स्टुडिओच्या काही मोठ्या रिळांसाठी आहे, ज्यांचा लेप दमट हवेने चिकट होतो. घरगुती कॅसेटला तो आजार सहसा होत नाही. ओव्हनमध्ये होतं ते एवढंच, की प्लास्टिकचं कवच वाकडं होतं.

हेड जुळवणं

इथे मी स्वतः दोन वर्षं वाया घालवली, म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवातीला मी चाळीसेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. सगळ्यांचा आवाज गोधडीतून आल्यासारखा. म्हटलं, जुनी टेप आहे, असंच असणार. सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवला. गोधडी तशीच राहिली, वर खरखर वाढली. आणि जागा नाही म्हणून मूळ कॅसेट मी विकून टाकल्या! पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे डेक नेला. त्यांनी माझी कॅसेट लावली, हेडजवळचा एक स्क्रू जरासा फिरवला आणि बुवांच्या मागे टाळ वाजू लागले. इतके दिवस त्या कीर्तनात टाळ आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी आहे. हेडमध्ये केसासारखी एक उभी फट असते; तिने टेपच्या धावेशी बरोब्बर काटकोन करायला हवा. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. म्हणजे टाळांच्या किणकिणाटातल्या १०,००० हर्ट्झच्या एका लहरीला टेपवर जागा मिळते ती एवढीच: मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पाचसुद्धा नाहीत. फट किंचित कलली तरी अशा बारीक लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. बुवांचा खर्ज राहतो, टाळ जातात.

आता खरी मेख. सप्ताहातल्या त्या टू-इन-वनचं हेड वाकडं होतं, त्यामुळे कीर्तन वाकडंच भरलं गेलं. तुमचा डेक अगदी सरळ असला तरी उपयोग नाही. त्या वाकड्याशी तुम्हाला वाकडंच व्हावं लागतं, आणि प्रत्येक कॅसेटचं वाकडेपण वेगळं. "एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, मग बघायला नको" हा सल्ला म्हणूनच आपल्या कामाचा नाही.

करायचं असं. डेकच्या दाराचं झाकण काढा. हेडच्या दोन्ही बाजूंना स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तोच आपला, दुसऱ्याला हात लावू नका. मूळ जागेवर मार्करने खूण करा. बारीक पेचकस चुंबक नसलेला घ्या. हेडफोन लावा, मोनो बटण दाबा, डॉल्बी (डेकवरचं टेपची खरखर कमी करायचं बटण) बंद करा. या लोकांनी डॉल्बी लावून टेप केलेलं नसतं आणि तो चालू राहिला तर आवाज आणखी दबतो. कॅसेट सुरू करून स्क्रू अगदी सावकाश एका दिशेला फिरवा. आवाज उघडत जाईल आणि मग पुन्हा मिटू लागेल. मिटू लागला की मागे या, आणि सर्वांत उघडा असेल तिथे थांबा. सगळा खेळ पाव फेऱ्यात संपतो. त्याहून जास्त फिरवावं लागत असेल तर भलताच स्क्रू धरलाय.

ऐकायचं काय? टाळ असतील तर टाळ; त्याहून चांगलं मोजमाप नाही. नुसतं प्रवचन असेल तर बुवांच्या आवाजाचा गोडवा विसरा आणि फक्त 'स', 'श', 'च' ऐका. "संतांचा संग" मधले दोन्ही 'स' दाताला लागल्यासारखे आले पाहिजेत. बी साइडला पुन्हा जुळवा, कारण उलटी घातलेली कॅसेट कवचात वेगळी बसते. काम झाल्यावर एखादी चांगली छापील कॅसेट लावून हेड खुणेवर परत आणा.

यूएसबीवाले नवे प्लेअर घेऊ नका. त्यातले बहुतेक टॅनाशिन या जपानी कंपनीच्या जुन्या रचनेच्या स्वस्त नकला आहेत. आवाज लहरतो, तानपुरा तर समुद्रात बुडाल्यासारखा लागतो. जुन्या बाजारातला जुना डेक घ्या, आतले रबरी पट्टे बदला.

उतरवणं

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी), तिथून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी लागते. खरखर काढायचा मोह आवरा, तो फिल्टर टाळही खातो. शब्दाच्या आधी त्याच शब्दाची पुसट सावली ऐकू आली तर घाबरू नका: वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो. पातळ टेपच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये हे जास्त होतं.

फाइलच्या नावात लेबलावरचा मजकूर चुकांसकट लिहा. मूळ कॅसेट विकू नका, हे पुन्हा सांगायला नको.

नेटवर टाकण्याबद्दल: आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि बोलणाऱ्याच्या भाषणावरचा हक्क वेगळाच. त्यामुळे ऐंशीच्या दशकातलं काहीही बिनधास्त टाकू नका. आखातात गेलेल्या मुलाला घरून पाठवलेली बोलकी पत्रंही मिळतात. ती मी ऐकतो, नोंदवतो आणि कोणालाही देत नाही. पत्ता लागला तर कॅसेट घरी पोचवतो.

शेवटचं. कीर्तन संपलं, आरती झाली, म्हणून रेकॉर्डिंग थांबवू नका. बाजू संपेपर्यंत चालू द्या. पुढे पुसायची राहिलेली जुनी गाणी निघतात, कधी आकाशवाणीच्या बातम्या निघतात. माझ्याकडच्या एका कॅसेटवर पसायदानानंतर चार मिनिटं नुसता पत्र्यावरचा पाऊस आहे, मग एक बाई लांबून म्हणते, "अहो, ते चालूच आहे की." आणि खट्.