मास्क लावताय ना? मग या चुका तरी टाळा

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, ओपीडी पण बघते आणि टीबीची खोली पण. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली आणि लोकांनी धरून घेतलं की मास्कचं कामच संपलं. खोकला संपला नव्हता, टीबी तर नाहीच नाही. चोवीस तास मास्क लावून फिरा असं मी कोणालाच सांगत नाही, पण दवाखान्यात येताना, स्वतःला खोकला असताना, घरात म्हातारं माणूस आजारी असताना लावा, आणि लावताय तर धड लावा, कारण अर्धवट लावलेल्या मास्कने माणूस बिनधास्त होतो आणि नको तिथे जवळ जाऊन बसतो.

बोलताना खाली, गप्प बसल्यावर वर

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. आप्पा रांगेत मास्क लावून गुपचूप उभे असतात, आणि केसपेपरच्या खिडकीशी आले की मास्क हनुवटीवर, "सिस्टर, खोकला जात नही वं," आणि लगेच खोकून पण दाखवतात, तेही माझ्या तोंडासमोर. अहो, गप्प बसल्यावर तोंडातून जे निघतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त बोलताना आणि खोकताना निघतं, म्हणजे ज्या मिनिटाला मास्क लागतो त्याच मिनिटाला तो खाली जातो. फोन आला की तेच, फोनवरच्या माणसाला तर मास्कमधून पण ऐकू जातं.

मी आता कोणाचं बोलणं ऐकायच्या आधी बोटाने माझ्या स्वतःच्या मास्ककडे खूण करते आणि थांबते. समोरचा वर करतो, मग बोलणं सुरू. ऐकू आलं नाही तर मी पुढे वाकत नाही, त्यांना जोरात बोलायला सांगते, किंवा सोबतच्या पोराला चिठ्ठीवर लिहायला लावते. वेळ जातो, मागचे लोक कुरकुर करतात, करू द्या.

नाक उघडं ठेवून लावलेला मास्क मी लावलेला धरतच नाही. वरची तार नाकावर दोन्ही हाताच्या बोटांनी दाबून बसवायची, एवढंच.

"लोक काय म्हणतील" म्हणून काढलेला मास्क

चोपड्याकडचा एक पोरगा, जिनिंगवर (सरकी काढायच्या कापसाच्या कारखान्यात) कामाला, थुंकीची तपासणी पॉझिटिव्ह आली. गोळ्या सुरू केल्या, मास्क दिले, घरी कसं राहायचं ते सांगितलं, पोरगा समजदार होता, मानेने हो हो केलं. त्याच आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न. मांडवात मास्क लावून बसला तर पाहुणे विचारतील, उद्या याचं लग्न जमायचं आहे, म्हणून आईनेच काढायला लावला. हळदीची पूर्ण रात्र बंद खोलीत सगळे एकत्र झोपले, भावाची लहान पोरगी त्याच्या कुशीत. काही महिन्यांनी ती पोरगी खंगलेली, ताप उतरत नाही म्हणून आमच्याकडेच आली, आणि तिलाही टीबीच निघाला. त्याच्याकडूनच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही, पण घरात दुसरं कोणी खोकत नव्हतं. ती आई ओपीडीच्या बाकड्यावर पदर तोंडात धरून बसली होती, तिला मी काय बोलणार?

टीबी बाधलेल्या माणसाने साधा सर्जिकल मास्क लावला तरी केवढा फरक पडतो हे दक्षिण आफ्रिकेत तपासून बघितलंय. वॉर्डातली हवा गिनीपिगच्या पिंजऱ्यांकडे सोडली, पेशंट मास्कशिवाय होते त्या दिवसांच्या हवेने ९० पैकी ६९ प्राण्यांना लागण झाली आणि मास्क लावलेल्या दिवसांच्या हवेने ९० पैकी ३६ ला. निकाल २०१२ मध्ये छापून आला. साधा मास्क बरं का, महागातला नाही.

आणि हे काही जन्मभराचं नाही. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण करायची ताकद बरीच कमी होते, मास्क कधी सोडायचा ते डॉक्टर सांगतात. ताटवाटी वेगळी करायची तर गरजच नाही, टीबी हवेतून पसरतो. माझी सवय अशी की पेशंटला एकट्याला मास्क देतच नाही. घरच्या सगळ्यांना बोलावते आणि सांगते की पहिले काही दिवस सगळ्यांनी लावा, म्हणजे एकट्यावर बोट राहत नाही. लग्नात जायचंच असेल तर बाहेर ओट्यावर, मोकळ्या वाऱ्यात बसायचं, बंद खोलीत झोपायचं नाही.

यात अजून एक घोळ. प्रेमापोटी लोक पेशंटसाठी पुढे बटण असलेला महाग एन-९५ आणतात. त्या व्हॉल्व्हमधून आतली हवा न गाळता बाहेर जाते, म्हणजे लावणारा वाचतो आणि समोरचा नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच राज्यांना याबद्दल पत्र पाठवलं होतं. पेशंटला सर्जिकल, जवळून सेवा करणाऱ्याला बिनव्हॉल्व्हचा एन-९५, हे उलटं करू नका.

एन-९५ धुणं

धुवू नका. साबण नको, सॅनिटायझरचा फवारा तर अजिबात नको. आतल्या थराला वीजभार दिलेला असतो, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तसा तो थर बारीक कण ओढून धरतो, आणि साबणाने, स्पिरिटने तो भार जातो. मास्क दिसायला नवा, काम संपलेलं. मी चार-पाच मास्क आलटून पालटून वापरते, प्रत्येकाला कागदी पाकीट, वर पेनाने वार लिहिलेला. ओला झाला, पट्टा सैल पडला, की टाकला.

आमच्यातलेही कमी नाहीत. नवीन शिकायला आलेली पोरं एन-९५ चा वरचा पट्टा लावतात आणि खालचा लोंबता ठेवतात, का तर केस विस्कटतात, घाई आहे. दोन पट्टे दिलेत ते उगाच नाही, खालून हवा शिरली तर ९५ टक्के गाळणीचा उपयोग काय? दाढीवर पण तो बसत नाही. १९१०-११ ला चीनच्या ईशान्येला, मंचुरियात फुफ्फुसाचा प्लेग आला तेव्हा साथ रोखायला सरकारने पाठवलेले डॉ. वू लिएन-तेह सगळ्यांना गॉज-कापसाचा मास्क लावायला सांगत होते, मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ऐकलं नाही, तसाच पेशंट तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत प्लेगनेच गेला. अनुभवी माणूस होता. हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

बारीकसारीक: रंगीत बाजू बाहेर, पांढरी आत, "आजारी असाल तर उलटा लावा" हा मेसेज खोटा आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला जबरदस्ती करू नका. "मना जीव घाबरस" म्हणणाऱ्यावर ओरडू नका, खरंच दम लागत असेल तर आधी त्याला तपासा. स्कार्फ, रुमाल मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हाला ठीक, टीबीच्या वॉर्डात नाही.

फवारणीला तोच मास्क

कपाशीवर, केळीवर फवारताना लोक दवाखान्यातला मास्क नाहीतर रुमाल बांधतात. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर किंवा जिनिंगमध्ये धुळीला एन-९५ चालतो, पण औषधाच्या वाफेला तो अडवत नाही, आणि रुमाल तर औषधाने भिजून तोंडालाच चिकटून बसतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली, तरी "काही नही व्हत भो" चालूच आहे. वाफेला कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला मास्क लागतो, सोबत हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि फवारणी वाऱ्याच्या दिशेने, तोंडावर वारा घेऊन नाही. चक्कर आली, घाम फुटला, तोंडातून लाळ यायला लागली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि सरळ दवाखान्यात या, येताना औषधाची बाटली सोबत आणा, लेबल फाडू नका, कारण त्यावरचं नाव बघूनच डॉक्टर उतारा ठरवतात.