हलका टेंट घेताना आधी शिवण बघा

माझं संगमनेरला शिलाईचं दुकान आहे. शाळेची दप्तरं, सॅकच्या चेन, आणि ऑक्टोबर लागला की टेंट. अकोले तालुका शेजारीच, त्यामुळे हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई करून आलेल्यांचे फाटलेले टेंट माझ्या मशीनवर येतात. सुट्टी मिळाली की मीही त्याच वाटांवर असते. "ताई, दहा-बारा हजारांत हलका टेंट कोणता घेऊ?" असं कॉलेजची मुलं सारखी विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी वजन. दोघांचा टेंट दोन किलोंच्या आत असला की आपल्या कामाला तो हलकाच. दीड किलोच्या आसपास मिळाला तर फारच छान. किलोच्याही खाली जाणारे डायनीमाच्या (फार हलक्या आणि मजबूत धाग्याच्या) कापडाचे टेंट असतात, पण त्या किमतीत अख्खी सॅक, स्लीपिंग बॅग आणि बूट येतील. दोघं असाल तर एकाने कापड घ्यावं, दुसऱ्याने दांड्या आणि खुंट्या, म्हणजे माणशी किलोही पडत नाही. हे मी इतकं मोजते ते पाण्यापायी. फेब्रुवारीनंतर बऱ्याच गडांवरची टाकी आटतात, मग माणशी तीन-चार लिटर पाणी खालून वर न्यावं लागतं. टेंटमध्ये अर्धा किलो वाचला की अर्धा लिटर पाणी जास्त नेता येतं.

जाहिरातीतलं वजन मात्र पुष्कळदा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी सोडून दिलेलं असतं. पिशवीसकट सगळं स्वतः काट्यावर टाका, आणि तोच आकडा धरा.

आता उभा कसा राहतो ते. आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण सह्याद्रीच्या माथ्यावर बोटभर मातीखाली कातळ लागतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूला खुंटी ठोकून बघा, वाकते पण आत जात नाही. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभे राहणारे टेंट सर्वांत हलके असतात. थ्री एफ यूएल कंपनीचा लानशान टू साधारण सव्वा किलोच्या आत बसतो. पण त्याचा सगळा डोलारा खुंट्यांच्या ताणावर असतो, शिवाय दोन पोल हाताशी लागतात. मातीच्या जागी, हिमालयातल्या कुरणांवर तो उत्तम. कातळावर त्यासाठी दर कोपऱ्याला मोठे दगड गोळा करावे लागतात, आणि अंधारात पोचलात तर ते काम जड जातं.

खुंट्यांशिवाय आपोआप उभा राहणारा घुमटाकार टेंट कातळावर सोपा. स्वस्तातले असे टेंट बहुधा फायबरग्लासच्या दांड्यांचे असतात. उदाहरणार्थ, क्वेचुआ कंपनीचा एमएच १०० टिकाऊ आहे, पण दोघांचा दोन किलोंच्या वर जातो. त्यांचाच टू सेकंड्स घडी केल्यावर मोठी चकती होतो, तो सॅकला बांधून करवंदीच्या जाळीतून जाता येत नाही, त्यामुळे गाडीनेच न्यायचा. फायबरग्लास वजनदार असतं आणि उभं चिरतं, त्याच्या कुसळांनी हात फाटतो. दांडी अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या, वर ७००१ किंवा ७०७५ असा आकडा असेल तर मिश्रधातू चांगला.

माझा कौल मधल्या प्रकाराला आहे: एकच जोडलेली दांडी, डोक्याकडची बाजू आपोआप उभी, आणि पायाकडचे दोन कोपरे फक्त ताणायचे. नेचरहाइक कंपनीचा क्लाउड अप टू हा आपल्याकडे बऱ्याच जणांकडे दिसणारा नमुना. तो दोन कापडांत येतो. २० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) सिलिकॉन नायलॉनचा हलका आणि महाग. २१०-टी (विणीच्या दाटपणाचा आकडा) पॉलिस्टरचा काही शे ग्रॅम जड, पण स्वस्त. बजेट आवळ असेल तर पॉलिस्टर घेताना जीव खाली-वर करू नका. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, मग रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर तसं सैलावत नाही आणि उन्हालाही जास्त दिवस टिकतं.

पायाकडच्या कोपऱ्यांसाठी दोन मिलिमीटर जाडीची आठ-दहा मीटर दोरी जवळ ठेवा. दोरीला सैलसा फास करून त्यात हातभर काटकी घाला, काटकी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यापुढे, टेंटच्या बाजूला, जड दगड टेकवा. ताण आला की काटकी दगडाला अडते. नुसती दोरी दगडाला गुंडाळली तर वाऱ्याने घासून तुटते. गाठ सुरगाठच मारा, पहाटे गारठलेल्या बोटांनी निरगाठ सुटत नाही.

आता माझ्या हातातला विषय. दुकानात टेंट उघडा आणि आतून शिवण बघा. दोन्ही कापडं एकमेकांत मुडपून त्यावर दोन समांतर शिवणी हव्यात, जीन्सच्या पायाला असतात तशा. कापडाची कच्ची कड नुसती बाहेर लोंबत असेल तर तो टेंट ठेवून द्या. इंचाला आठ-दहा टाके पुरेत. पातळ कापडावर टाके फार दाट असले तर भोकांची रांगच तयार होते आणि ताण पडल्यावर कापड तिथूनच उसवतं. जिथे दोरी बांधायची पट्टी आहे तिथे आतून कापडाचं दुहेरी ठिगळ आणि बारटॅक (एकाच जागी दाट मारलेले टाके) पाहिजे. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक टेंट याच जागी फाटलेले असतात, मधल्या कापडात क्वचितच.

चेनच्या बाबतीत मात्र एवढं घाबरू नका. दाते सहसा शाबूत असतात, झिजतो तो रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या तरी पुष्कळदा काम होतं, नाहीतर नवा रनर थोड्या पैशांत बसतो. म्हणून जुना टेंट घेताना चेन उघडी पडते एवढ्यावरून नाही म्हणू नका. त्याऐवजी बाहेरच्या कापडाची आतली बाजू चोळून बघा आणि वास घ्या. हाताला चिकट लागलं, पापुद्रे निघाले किंवा आंबूस वास आला तर पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दमट हवेने सडला आहे. त्याला शिंप्याकडे इलाज नाही. मुंबई-कोकणातून आलेल्या टेंटमध्ये हे जास्त दिसतं.

तळ शिवणीसकट जमिनीपासून वीतभर तरी वर चढलेला हवा, आणि आतला कप्पा जाळीने पूर्ण बंद होणारा. वजन वाचवायला नुसती ताडपत्री ताणून झोपणारे लोक आहेत, पण विंचू आणि फुरसं असलेल्या मुलखात मी कोणालाही तो सल्ला देणार नाही. पाणी रोखण्याच्या आकड्यात छतासाठी १५०० मिलिमीटर आणि तळासाठी ३००० असले की पुरे. तळाला जास्त लागतं, कारण गुडघा टेकला की तिथे दाब येतो. मुसळधार आषाढात मी हलका टेंट नेतच नाही. तेव्हा गडाखालच्या पाचनईत किंवा रतनवाडीत कोणाच्या तरी घरी पथारी टाकावी.

थंडीत पाऊस नसतो, पण दव आणि श्वासाची वाफ असते. एकपदरी टेंटमध्ये ती कापडावर धरून अंगावर ठिबकते. दुपदरीच घ्या, वर झरोका असलेला, आणि वाऱ्याच्या उलट बाजूचं दार थोडं उघडं ठेवून झोपा. पाण्याच्या काठाला आणि खोलगट जागेत दव जास्त धरतं.

माप घेताना 'दोघांचा' या शब्दावर जाऊ नका. मॅट साधारण ५१ सेंटिमीटर रुंद, दोन म्हणजे १०२. त्यामुळे आतली रुंदी १२० तरी हवी. लांबी २१० असली की साडेपाच-पावणेसहा फुटी माणसाचे पाय ओल्या कापडाला लागत नाहीत. आणि आत बसून बघा, डोकं छताला घासायला नको.

तळाखाली अंथरायला वेगळा महागडा कागद घेण्याची गरज नाही. टोमॅटोच्या वावरात अंथरतात तो मल्चिंग पेपर आणा. ३० मायक्रॉनचा, चार फूट रुंद, सात फूट कापला तर ऐंशी ग्रॅमही भरत नाही. टेंटच्या कडेबाहेर तो दिसता कामा नये, नाहीतर पाणी त्यावर साचून तळाखाली शिरतं. फाटला तरी तुकडे वर टाकू नका, सॅकमध्ये परत आणा.

टेंट घरी आला की गच्चीवर लावा आणि नळीने पाणी मारा. सिलिकॉनच्या कापडावर शिवणीची पट्टी चिकटत नाही, म्हणून अशा टेंटच्या शिवणी हाताने बंद कराव्या लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, जुन्या ब्रशने शिवणीवर बाहेरून लावा, आणि दिवसभर वाळू द्या. हे काम मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो. पीयूच्या कापडाला मात्र सिलिकॉन धरत नाही, त्याला युरेथेनचं सीलर लागतं. कोणतं कापड आहे ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

घेण्याआधी शक्य असेल तर एक रात्र भाड्याच्या टेंटमध्ये काढा. गडाखालच्या गावांतून ते मिळतात, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात कुठे लावू देतात तेही गावातच कळतं. परत आल्यावर टेंट सावलीत पूर्ण वाळवा, माती झटका, आणि आवळलेल्या पिशवीत न कोंबता सुती पिशवीत सैल ठेवा. दांडी दुमडताना मधून सुरुवात करा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो. सोबत आलेली बोटभर अ‍ॅल्युमिनियमची नळी फेकू नका. दांडी वाटेत मोडली तर ती मोडक्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, तेवढ्यावर रात्र निघते.