माळरानावरील वेडी बाभूळ: रोपे याच ओलीत उपटावीत

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळराने सध्या हिरवी दिसत असली, तरी त्या हिरवाईत गवत किती आणि वेडी बाभूळ (गवताची जागा बळकावणारे काटेरी झाड) किती, हे प्रत्येकाने आपल्या माळावर फिरून याच आठवड्यात पाहावे. उन्हाळ्यात गळालेल्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या व गुरे खातात, बी न पचता लेंडीतून आणि शेणातून बाहेर पडते आणि पहिल्या पावसावर रुजते. ही बोटभर रोपे ‘पुढे काढू’ म्हणून राहिली, एवढ्या एका हयगयीने चांगली चराऊ माळराने काही वर्षांत काटेरी जाळी झालेली मी पाहिली आहेत.

दाट गवतात या रोपांना ऊन आणि ओल कमी मिळते. पाऊस पडताच जनावरे माळावर सोडली, तर पवन्या, मारवेल ही बहुवार्षिक गवते बी धरण्याआधीच खुडली जातात, कुसळी हे टोचऱ्या कुसळांचे गवत माजते आणि उघड्या मुरमात बाभूळ बस्तान बसवते. माळ पडीक समजून त्यावर गिरिपुष्प या झाडाची दाट लागवड केल्यानेही गवताचे ऊन जाते.

लहान रोप ओलीत मुळासकट उपटावे. पेन्सिलीएवढ्या जाडीचे असल्यास टिकावाने भोवती खणून मूळ जमिनीखाली वीतभर खोल तोडावे. कोयत्याने वरून छाटल्यास बुडख्यातून अनेक धुमारे फुटतात आणि एका खोडाचे झुडूप होते. मेंढ्यांचा वाडा बसलेली जागा आणि गुरे दुपारी सावलीला बसतात ती जागा आधी तपासावी. सर्वाधिक रोपे तिथेच असतात, असा माझा अंदाज आहे.

दुकानदार तणनाशक पुढे करतील. ग्लायफोसेटची सरसकट फवारणी ज्या गवतासाठी खटाटोप, तेच जाळते; शिवाय 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. कुदळ आणि दोन माणसे पुरेशी आहेत.

इतर कामे:
- विरळ जागी अंजन गवत: बी हेक्टरी 5 किलो, उथळ पेरणी.
- स्टायलोचे (शेंगवर्गीय चारापीक) बी: 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 4 मिनिटे, नंतर रात्रभर गार पाण्यात.
- निम्मा माळ गवताचे बी झडेपर्यंत चराईस बंद.
- शेंगा खाल्लेली जनावरे स्वच्छ माळावर सोडण्यापूर्वी काही दिवस गोठ्यात.

दुसरी फेरी सप्टेंबरमध्ये, जमीन आवळण्यापूर्वी करावी. त्यानंतर रोप ओढल्यास ते मातीलगत तुटते आणि खालचा भाग पुन्हा फुटतो.