दलालीचे पैसे अडकले? तीन वर्षं संपायच्या आत हे करा

जालना, बीड, परभणीकडे जमिनीचे कितीतरी व्यवहार शब्दावर होतात. "कापूस विकला की तुमचे दोन टक्के देतो," असं मालक म्हणतो आणि माणूस ओळखीतला म्हणून दलालही थांबतो. थांबता थांबता दाव्याची मुदत निघून जाते. उन्हातान्हात बांध दाखवत फिरलेल्या माणसाचे पैसे असे बुडाले की फार वाईट वाटतं.

आधी तारीख पक्की करा. मुदत कायदा 1963 प्रमाणे करून दिलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी 3 वर्षं मिळतात. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून मोजायचं. ठरलं असेल, तर ती तारीख चुकल्यापासून. दलालाचं काम इसार पावतीला (आगाऊ रक्कम देऊन सौदा पक्का केल्याच्या पावतीला) पूर्ण झालं की खरेदीखताला, यावर वाद होऊ शकतो. म्हणून आधीची तारीख धरा. इसार 12 जून 2023 चा असेल, तर 12 जून 2026 हा शेवटचा दिवस समजा.

इसार पावतीची प्रत, खरेदीखताची नक्कल, मेसेज आणि दलाली ठरली तेव्हा हजर असलेले साक्षीदार जमवा. प्लॉट महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातला असेल, तर एजंट म्हणून तुमची नोंदणीही हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "देतो, देतो" या तोंडी शब्दाने मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. नोटीस पाठवून निर्धास्त बसलेल्यांचंच जास्त नुकसान होतं. मुदत चालू असतानाच देणेकऱ्याने "इतकी दलाली देणं आहे" असं लिहून सही केली, तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नवी 3 वर्षं सुरू होतात. मुदतीत थोडे पैसे दिले तरी कलम 19 प्रमाणे मुदत तशीच नव्याने सुरू होते, पण त्याचीही सहीची चिठ्ठी घ्या. मागायला संकोच वाटतो, तरी मागा.

तरीही पैसे आले नाहीत, तर दिवाणी कोर्टात दावा लावा. उशीर माफ करण्याचा अर्ज दाव्याला चालत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी मुदतबाह्य दावा कोर्ट फेटाळतंच. शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी दाखल करा.

मुदत उलटली असेल, तरी एक वाट उरते. देणेकऱ्याने जुनं देणं फेडण्याचं लेखी, सहीनिशी वचन दिलं, तर करार कायदा 1872 च्या कलम 25 प्रमाणे ते बंधनकारक ठरतं.