सॉसेज-पास्ता सूप घट्ट गोळा होऊ नये म्हणून

एकाच पातेल्यातलं हे सूप शेवटचा माणूस पानावर बसेपर्यंत खिचडीसारखं होतं. पास्ता सगळा रस्सा पिऊन टाकतो.

१. गोव्याच्या चोरिसचं (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, १५० ग्रॅम) वरचं साल काढून मंद आचेवर परता. तेल नको, लालभडक चरबी सुटते, त्यातच कांदा-टोमॅटो.
२. दीड लिटर पाणी, बटाट्याच्या फोडी. वीसेक मिनिटं उकळू द्या.
३. आता १०० ग्रॅम मॅकरोनी. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी गॅस बंद, वर झाकण. उरलेलं वाफेवर होतं.

कुणी उशिरा येणार असेल तर मॅकरोनी टाकण्याआधीच त्यांचा रस्सा वेगळा काढा. मूठभर मॅकरोनी ते आल्यावर शिजवा. चवीत खूप फरक पडतो, खरंच.

मीठ मात्र चाखूनच, अगदी शेवटी. चोरिस मुळातच खारट असतं.