क्रॉइटच्या घोड्यांच्या मिरवणुकीस जाण्यापूर्वी

६ नोव्हेंबर हा संत लेऑनहार्डचा दिवस. त्या दिवशी बव्हेरियात, टेगर्नझे सरोवराच्या दक्षिणेस डोंगरात वसलेल्या क्रॉइट गावी सजवलेल्या घोडागाड्या चर्चभोवती तीन फेऱ्या घालतात आणि धर्मगुरू घोड्यांवर व माणसांवर पवित्र जल शिंपडतात. या मिरवणुकीचा उल्लेख १४४२ पासून सापडतो. म्युनिकहून तिला जाणाऱ्याने कपडे, कॅमेरा, खाणेपिणे यांचा विचार मागाहून करावा. आपण चढतो आहोत तो डबा कोठे जाणार आहे, हे आधी पाहावे.

मागच्या खेपेस मी ते पाहिले नाही, म्हणून हा आग्रह. म्युनिकहून सुटणारी गाडी एकसंध दिसते, परंतु तिचा एक भाग होल्त्सकिर्शेनला सुटून बायरिशत्सेलकडे जातो, आणि उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा दुभंगून अर्धी टेगर्नझेला व अर्धी बाड ट्योल्झवरून लेंगग्रीसला जाते. चामड्याच्या विजारी आणि पिसे खोवलेल्या टोप्या घातलेली मंडळी ज्या डब्यात शिरली, त्यातच मीही निर्धास्तपणे शिरलो; ती निघाली होती ट्योल्झच्या मिरवणुकीला, जी त्याच संताची, त्याच दिवशी आणि क्रॉइटहून बरीच मोठी असते. ट्योल्झला सारा डबा रिकामा झाला, तरी आपले स्थानक पुढे आहे या समजुतीने मी खिडकीशी बसून राहिलो आणि जिथे रूळच संपतात त्या लेंगग्रीसला उतरलो. उलट फिरून क्रॉइटला पोहोचेपर्यंत रस्त्यावर लिदीचे पो आणि कोणा घोड्याच्या आयाळीतून गळलेले, चाकाखाली चपटे झालेले एक कागदी फूल, एवढेच उरले होते. तेव्हा डब्यावरची पाटी वाचावी, आत शिरल्यावर आतलीही वाचावी, आणि गर्दीच्या मागे जाऊ नये.

टेगर्नझे स्थानकावरून पुढे बस आहे. तिची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवावी.

उबदार कपडे लागतील, हे सांगायला नको. पायांचे मात्र सांगतो, कारण गाव सुमारे ७८० मीटर उंचीवर आहे आणि एका जागी तासन्‌तास उभे राहिले की थंडी जमिनीतून वर चढते: लोकरीचे मोजे आणि जाड तळव्याचे, लिदीत भरले तरी वाईट वाटणार नाही असे बूट घालावेत. पाऊस असल्यास टोपीचा रेनकोट घ्यावा, छत्री नव्हे. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोंडासमोर कोणी फटकन छत्री उघडत नाही. इथले घोडे तर हाडापेराने दणकट, गाडीला जुंपलेले, आणि गाडीत बायकामुले बसलेली. याच कारणासाठी कुत्रा घरी ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा, आणि घोडा कितीही गरीब दिसला तरी मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

थोडे वाचून जावे. लेऑनहार्ड मूळचा बंदिवानांचा कैवारी, म्हणून त्याच्या मूर्तीच्या हाती साखळी असते. शेतकऱ्यांनी ती गुरांची साखळी मानली आणि तो घोड्यागुरांचा रक्षक झाला, असे सांगतात. हे ठाऊक नसेल तर साखळीचा अर्थ लागत नाही. (ट्योल्झच्या गाडीत बसलात, तर क्रॉइटची मूर्तीही दिसणार नाही. शाफ्टलाखच्या आधी पाटी पुन्हा एकदा पाहावी.)

आशीर्वादाच्या वेळी टोपी काढावी, बोलणे थांबवावे आणि चित्रीकरणासाठी धर्मगुरूंच्या वाटेत जाऊ नये. ही प्रार्थना आहे. अंगावर पाणी उडाले तर पुसत बसू नये.

मग जेवण. रोख पैसे जवळ असू द्यावेत. परतीची बस पाहावी. येताना पाट्यांचा प्रश्न नाही, सुटलेले डबे वाटेत पुन्हा जोडले जातात.