लाइनअप आलाय? मग फेस्टिवलची तयारी अशी करा

लाइनअप, म्हणजे फेस्टिवलमध्ये दाखवायच्या फिल्मची यादी, आला की लगेच तिकिटांच्या मागे लागू नका, आधी तो अख्खा वाचून काढा, अगदी शेवटच्या पानापर्यंत, कारण ओपनिंग फिल्म आणि मोठी नावं सगळ्यांच्याच डोळ्यात भरतात आणि ज्या सिनेमासाठी इंडी (मोठ्या स्टुडिओशिवाय केलेल्या फिल्मच्या) फेस्टिवलला जायचं तो कुठेतरी मागे दोन ओळींत बसलेला असतो. वाचताना प्रत्येक फिल्मचा सेक्शन, म्हणजे ती स्पर्धेत आहे की दुसऱ्या कुठल्या विभागात, ते बघा, कारण ज्युरीचं बक्षीस स्पर्धेतल्या फिल्मनाच मिळतं, आणि "इतकी भारी फिल्म, काहीच कसं नाही मिळालं" असं वाटतं ना, ती फिल्म बऱ्याचदा स्पर्धेत नसतेच.

मग प्रीमियर. वर्ल्ड प्रीमियर लिहिलं असेल तर ती फिल्म याआधी जगात कुठेच दाखवलेली नाही, इंटरनॅशनल प्रीमियर म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर पहिल्यांदा. वर्ल्ड प्रीमियरचे रिव्ह्यू शोधत बसू नका, मिळणार नाहीत, ट्रेलरही नसतो कित्येकदा. मी तरी यादीत पहिली खूण अशाच फिल्मवर करते, त्यातही दिग्दर्शकाची पहिलीच फीचर, म्हणजे पूर्ण लांबीची फिल्म, असेल तर दोनदा. पहिल्या फिल्मकडे मोठे फेस्टिवलही वेगळं लक्ष देतात, कान्समध्ये १९७८ पासून कॅमेरा डोर हे बक्षीस फक्त पहिल्या फीचरसाठी आहे आणि ते एका सेक्शनपुरतं नाही, डायरेक्टर्स फोर्टनाइट आणि क्रिटिक्स वीक या कान्सच्या जोडीनेच चालणाऱ्या विभागांमधल्या पहिल्या फिल्मही त्यात धरतात. अमेरिकेतल्या सनडान्स या इंडी फेस्टिवलने तर २०१० मध्ये कमी पैशांत धाडसाने केलेल्या फिल्मसाठी नेक्स्ट नावाचा सेक्शनच काढला.

शॉर्ट फिल्म सोडू नका प्लीज. लोक तो वेळ चहापाण्यात घालवतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. ऑस्करच्या नियमात क्रेडिट्स धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट, बऱ्याच तर त्याहून खूप छोट्या असतात, त्यामुळे एका पॅकेजमध्ये, म्हणजे एकत्र लावलेल्या शोमध्ये, पाच-सहा बघून होतात, शिवाय काही ठरावीक फेस्टिवलचं शॉर्टचं बक्षीस मिळालं की ती फिल्म ऑस्करसाठी पात्र ठरते. आपला फेस्टिवल त्या यादीत आहे का ते ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या साइटवर आधीच बघून ठेवा.

आता टाइमटेबल. फिल्मची लांबी लिहा, त्यात प्रश्नोत्तरांची वीस-पंचवीस मिनिटं धरा, मग एका थिएटरमधून दुसऱ्यात जायचा आणि रांगेचा वेळ. मी एकदा दोन शोमध्ये पंधराच मिनिटं ठेवली होती, फिल्म संपली, दिग्दर्शिका माइक घेऊन उभी राहिली, आवाज थरथरत होता तिचा, आणि मला वाकून वाकून बाहेर पडावं लागलं. तो शेवटचा शॉट तिने तसा का ठेवला हे मला अजून माहीत नाही. तेव्हापासून दिवसाला तीन फिल्म, फार तर चार. प्रत्येक स्लॉटला एक पर्यायी फिल्मही लिहून ठेवा, हाऊसफुल झालं की दारात उभं राहून ठरवता येत नाही.

ऑडियन्स अवॉर्डचं, म्हणजे प्रेक्षकांच्या मतांवर ठरणाऱ्या बक्षिसाचं, मत द्यायचंच, हे यादीत वेगळं लिहा. काही ठिकाणी अॅपवर असतं, काही ठिकाणी आत जाताना हातात चिठ्ठी देतात, एक ते पाच आकडे छापलेले, आपल्या आकड्यापाशी कडा फाडायची आणि बाहेर पडताना डब्यात टाकायची. सरासरी काढत असतील तर छोट्या हॉलमधल्या साठ लोकांच्या मतांनीही फिल्म वर येते, त्यामुळे चिठ्ठी खिशात घालून घरी नेऊ नका.

आणि शेवटचा दिवस पूर्ण भरू नका. बक्षिसं जाहीर झाली की बरेच फेस्टिवल विजेत्या फिल्म पुन्हा लावतात, त्यासाठी दोन स्लॉट मोकळे ठेवा. निकाल वाचताना फक्त ग्रँड ज्युरी प्राइझ या मोठ्या बक्षिसावर थांबू नका, खाली स्पेशल मेन्शन, म्हणजे ज्युरीचा खास उल्लेख, असतो, ज्युरीने दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचा. मी रिकाम्या स्लॉटमध्ये आधी स्पेशल मेन्शनवालीच फिल्म टाकते.